शीग

दाणाबंदरात एकतीस वर्षं
तूर, मसूर, हरभरा माझ्या पाठीवरून
ट्रकात चढला, ट्रकातून उतरला.
त्यात प्रोटीन किती, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आता हर्षलीच्या कोचनी चिठ्ठी दिलीय:
रोज शंभर ग्रॅम.
घरच्या जेवणात सत्तर भरतं, बाकीचं डब्यातून.
पोरगी स्नॅचला अडुसष्ट किलो डोक्यावर नेते
आणि क्षणभर तशीच उभी राहते.
मी पोतं घेऊन कधी उभा राहिलो नाही,
मागचा ओरडायचा.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
भिंतीभर नुसते दंड, मुंडकी कापलेली.
जिगर गालाने सगळ्यात मोठा डबा काढला,
"अंकल, महिन्यात फरक."
मी कानाशी नेऊन हलवला.
अर्धी हवा.

"एका मापात किती?"
"पंचाहत्तर ग्रॅम."
"प्रोटीन विचारतोय."
"पंधरा."
"मग साठ काय आहे?"
तो म्हणाला, मास गेनर.
मी मागची बारीक अक्षरं वाचून म्हणालो, साखर.
हर्षली बुटाच्या लेसकडे बघत होती.

दुसऱ्यात तेहतीसला चोवीस. हे बरं.
व्हे म्हणजे काय, तेही त्यानेच सांगितलं.
चक्का टांगला की खाली गळतं ते पाणी!
आई ते भाकरीच्या पिठात ओतायची,
उरलं तर म्हशीला.
आता त्याचीच भुकटी,
किलोला दोन हजार सहाशे.
माझी चार दिवसांची वाराई.

तिला चॉकलेटचा हवा होता.
तपासणीचा कागद साध्याचा होता,
बिनचवीचा, बिनचित्राचा.
कागद मी दोनदा वाचला,
कळलं त्यातलं निम्मं,
पण शिक्का होता, तारीख होती,
आणि माल विकणाऱ्याने स्वतःहून कागद दाखवणं
आमच्या बाजारात फार घडत नाही.
झाकणाखालची चंदेरी पट्टी खरवडली,
आकडा मोबाइलवर धाडला,
आणि उत्तर येईपर्यंत आम्ही तिघं
दहावीच्या निकालाला उभे राहावं तसे.
खरा निघाला.
गालाने सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी आतलं माप आणि मूठभर पावडर
रुमालात बांधून बाजारात नेली.
वेलदोड्याच्या काट्यावर:
सपाट भरलं तर तेहतीस,
शीग लावली तर एकेचाळीस.
तुकाराम धनावडे म्हणाला, काय रे, औषध?
म्हटलं, पोरीचं.
तो गप्प झाला, मग त्याला खरं सांगावं लागलं.

आमच्याकडे पायली सपाट मोजणाऱ्याच्या दारात
कुणी दुसऱ्यांदा जात नसे.
द्यायचं तर शीग लावून,
दाणे ओघळले पाहिजेत.
हर्षली म्हणते, पप्पा, सपाट.
जास्तीचं अंगी लागत नाही, वाया जातं.

पहाटे पाच. ती बुटांच्या नाड्या बांधतेय.
मी माप भरतो, हात आपोआप शीग लावतो,
मग सुरीच्या पाठीनं ती कापतो.
भुकटी डब्यात परत पडते, आवाज न करता.
बोटाला राहिलेली चाटून बघतो.
कसलीच चव नाही.

"झालं का?"
झालं, म्हणतो,
आणि दूध मात्र
काठोकाठ ओततो.