तिसरा वाटा

दाऊद मुकादमांच्या दुकानात
कॉम्प्रेसर धापा टाकतोय
आणि मी टाक्यांपुढे उभी,
भाजी निवडावी तशी नाही,
स्थळ बघावं तशी.

फुजैराच्या बंदररस्त्यावर सकाळचे साडेसहा.
मागे हजरचे डोंगर अजून करडे,
पुढे नांगर टाकून पडलेली तेलवाहू जहाजं,
कुणाचंच काही अडलेलं नाही अशी.

स्टीलची बारा लिटरची जोडी, जड, भरवशाची.
पण इथल्या कोमट पाण्यात, माझ्या पातळ सूटात,
पाठीवरची हवेची पिशवी फाटली
तर ती तळाशी नेईल,
परत आणायचं वचन देणार नाही.
ॲल्युमिनियम हलक्या मनाचं.
रितं होत आलं की वर ओढतं,
कमरेला शिसं बांधून त्याची समजूत घालावी लागते.
तरी तेच घेते.

मग वायू.
अठ्ठावीस टक्के प्राणवायू डेकपर्यंत ठीक, अडतीस मीटर.
इंजिनखोली चव्वेचाळीसवर,
तिथे पंचवीस,
आणि डोकं ताळ्यावर हवं तर हेलियम,
ज्याच्या बिलात माझं अर्धं भाडं जातं.
"अर्ध्या शुद्धीत जायचं तर घरीच निज,"
भाई म्हणतात, कागदी कपातला करक फुंकत.

एवढं ठरलं. अडलंय मधल्या जोडनळीवर.
ती लावली की दोघी एका घरात.
एकीचं तोंड बंद पडलं
तरी तिचा श्वास दुसरीच्या तोंडून मिळतो.
पण कुठे गळती लागली
आणि मधली चावी वेळेत फिरली नाही,
तर दोघी एकदमच रित्या.
सुट्या ठेवल्या तर
दर थोड्या वेळानं तोंडातली नळी बदलायची,
दोन काटे, दोन हिशेब,
पण कुणी कुणाला बुडवत नाही.

मी म्हणाले, सुट्याच द्या.

भाई काटा पुसत राहिले.
"दोनशे दहा भरतो.
सत्तर आत जायला, सत्तर बाहेर यायला.
तिसरो वाटो कोनाचो, बाय?"

माझं पोटच बुडालेल्या जहाजांवर.
शारजात, विम्याच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर.
या जहाजाची फाईल मीच मिटली:
माल सिमेंट, माणसं वाचली, पूर्ण नुकसान, शिक्का.
नंतर हेरंब केळुसकरबरोबर ते पाहिलं.
पोत्यांचा कागद कधीच विरघळलेला,
सिमेंट मात्र पोत्यांच्याच आकारात दगड झालेलं,
थरावर थर,
शिवणीच्या सुरकुत्यांसकट.
हेरंबनं त्यावर हात फिरवला होता,
झोपलेल्या गुरावर फिरवावा तसा.

मार्चमध्ये तो हॅलिफॅक्सला गेला, नोकरी.
जाताना लांब नळी माझ्याकडे सोडून गेला,
दोन मीटरची,
जी आपल्यासाठी नसतेच,
दुसऱ्याचा श्वास संपला तर द्यायची असते.
ती अजून माझ्या पिशवीत आहे, गुंडाळलेली.
धुते दर वेळी. का, ते विचारू नका.

"याकूब येईल संगती," भाई म्हणतात.
त्यांचा भाचा. दारात उभा, चपलेनं वाळू उकरत.
मी काहीच बोलत नाही.
भाई न विचारता जोडनळी बसवतात,
टाक्या माझ्या पाठीवर चढवतात
आणि म्हणतात, "मधली चावी बंद करून दाखव."

दुकानाच्या फरशीवर, कोरड्या अंगानं,
मी हात मानेमागे नेते.
चावी बरोबर तिथे आहे
जिथे खाज सुटली
की दुसऱ्यालाच सांगावं लागतं.
बोटं पोचतात. निसटतात.
"परत," भाई म्हणतात.
याकूब बघतोय.
परत.