आमचे अजून वाळतायत

कॉन्सेप्सिऑनच्या प्रयोगशाळेत आम्ही वर्षभर
माती चाळली, वाळवली, तोलली.
किल्ल्या परत देताना इओआना म्हणाली,
ही जिथून निघते तिथे एकदा जाऊन येऊ.
पैसे बेताचेच होते. हो म्हटलं.

त्यानंतरचे अठ्ठावीस दिवस मी मुख्यतः
तिची पाठ पाहिली:
निळी सॅक, तिला दोरीनं टांगलेलं पातेलं,
चढावर डावीकडे कलणारी मान.
ती क्लुजची, थंडी तिच्या घरातलीच.
मी दर पन्नास पावलांवर
बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करायचे.
ती वळून बघायची नाही,
पण पातेलं वाजायचं थांबायचं.

भांडलो एकदाच. सार्डिनच्या शेवटच्या डब्यावरून,
चार हजार सातशे मीटरवर, वाऱ्यात,
दोघींनाही धड न येणाऱ्या स्पॅनिशमधून.
तिथले शब्द संपल्यावर ती रोमेनियनमध्ये शिरली, मी मराठीत,
आणि मग दोघींना बरं वाटलं.
डब्यात रसच जास्त, मासे तीन.
तिसरा कुणी खाल्ला ते आठवत नाही,
म्हणजे मीच.

खिंडीपलीकडे अकरा घरांचं गाव.
दोन्या फाउस्तीनानं कुठून आलात ते विचारलं नाही,
पाय धुतलेत का, एवढंच.
रात्रभर गवतावर उघडे पडलेले बटाटे
पहाटे दगड झाले होते.
ऊन आलं तसे मऊ पडले,
आणि ती, तिची सून, इओआना, मी,
चौघी अनवाणी त्यांच्यावर.
टाचेखाली सालं सुटत होती,
गार पाण्याच्या चिळकांड्या पोटऱ्यांवर,
बोटं आहेत की नाहीत कळेना.
असं अजून तीनदा, मग वाळवायचं.
मग दहा वर्षं टिकतात, ती म्हणाली,
मी नाही टिकले तरी.

तिचा नातू विल्मेर, नऊ वर्षांचा दुभाष्या,
समोरचे दोन दात पडलेले,
त्यामुळे प्रत्येक वाक्यात थोडा वारा.
त्याला मी विचारलं, पुढे काय करणार?
तो हसला. आजीला सांगितलं, तीही हसली.
पुढे? पुढे तर होऊन गेलेलं असतं.
नायरा म्हणजे डोळा. नायरा म्हणजे सरलेले दिवस.
झालेलं दिसतं, म्हणून ते समोर.
व्हायचंय ते कुणाला दिसतंय?
आजीनं अंगठा खांद्यावरून मागे नेला.
मागे सून उभी होती,
आणि तिच्याही मागे, पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्यात बांधलेलं,
टोपी नाकापर्यंत ओढून
सात महिन्यांचं काहीतरी झोपलं होतं.

मी माझ्या भाषेत पडताळून पाहिलं.
'पुढे बघू' आम्ही म्हणतो
ते नेमकं बघायचं नसतं तेव्हा.
आणि 'मागे एकदा' म्हटलं की
लख्ख समोर येते मातीच्या भट्टीत
तिनं चोरून भाजलेल्या पावाची काळी कड.

उतारावर तिचा गुडघा दुखावला.
पहिल्यांदाच मी पुढे, पातेलं माझ्या पाठीमागे.
तिला नोकरीचं काय ते कळलं होतं, मी विचारलं नव्हतं.
मला घरून काय आलं होतं, तिनंही नाही.
दोघींनी ते सॅकच्या तळाशी ठेवलेलं,
ओल्या मोज्यांखाली.
तिथे पोचायला सगळंच बाहेर काढावं लागलं असतं.

एल आल्तोला तिचं विमान आधी.
मिठी मारता येईना, दोघींच्या सॅक आड.
एकमेकींचे पट्टे ओढून घट्ट केले, झालं.

तपासणीला माझी पिशवी उघडली.
फाउस्तीनानं दिलेले, गेल्या वर्षीचे,
काळे, बुचासारखे हलके.
शिपायानं एक नाकाशी धरला.
कुणी तुडवले?
आम्ही नाही, म्हटलं. आमचे अजून वाळतायत.
आणि अंगठा आपणहून खांद्यावरून मागे गेला.
त्यानं मान डोलावली,
एक ठेवून घेतला.