कडेचा आवाज

सीताबर्डीच्या फुटपाथवर नऊशेला घेतला हा हातातला गेम,
डावं बटण दबत नव्हतं, पडद्यावर केसाएवढी रेघ.
कूलरची खस वाळून कडक झालेली, मे महिना,
रात्रीचे दोन, आणि मी
बापाचा ताशा यात कोंबत बसलेलो.

गॅलरीत मोबाइल धरून घेतले होते त्याचे ठोके.
मधेच भाजीवाला ओरडला, तेवढा भाग कापला.
ए दाबलं की तर्र, बी दाबलं की कड,
वरच्या बाणावर ढोल, खालच्यावर झांज.
चारच मावले.
पाचवा, काडी कडेवरून घसरते तो,
अर्ध्या सेकंदाचा,
जागा नाही म्हणून पुसला.
कोणाला कळणार आहे?

सकाळी उरकुडाजींच्या हातात दिला.
मारबतीपुढे तीस वर्षं वाजवलेला माणूस,
त्यानं आधी उलटा करून पाहिला, मग वास घेतला.
"याले तापवाचं कसं?"
तापतो आपोआप, म्हटलं, जास्त तापला तर बंद पडतो.
"हाव का. मंग बराबर हाय. चामड्याचंबी तसंच."

अंगठे जाड. एका ठोक्यात दोन बटणं.
"उशिरा बोलते बे हा."
बोलतो. बोट आणि आवाज यांच्यामधे
पन्नासेक मिलिसेकंदांची फट आहे,
तीन आठवडे मागे लागलो, बुजली नाही.
तो दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा अंगठा आधीच पडू लागला
आणि आवाज हवा तिथे येऊन बसू लागला.
"इतवारीच्या गल्लीत ढोलवाले पोट्टे
शंभर पावलं मांगं रायत.
त्यायले आमचा ठोका उशिराच भेटे.
ऐकाच्या आधीच मारत मंग ते."

मग थांबला. कानाशी धरला.
पुन्हा तेच चार. पुन्हा.
"अन् घसरते थे कुठं गेली?"

चालू करताना एक चित्र यायचं,
लाल ताशा, पिवळ्या दोऱ्या, खाली माझं नाव.
दोन रात्री गेल्या होत्या त्यात.
उडवलं.

आता पडदा काळाच राहतो,
ती केसाएवढी रेघ तेवढी दिसते,
आणि खांद्यावरचं उजवं बटण दाबलं की
काडी कडेवरून घसरते,
तिच्यामागोमाग, कापायचा राहून गेलेला,
भाजीवाल्याचा अर्धा शब्द:
सांबा