हातचा

मागच्या आठवड्यात, सोमवार ते रविवार,
मोबदला घेऊन एक तास तरी काम केलंत का?
हा प्रश्न मी बारा वर्षं विचारतेय
कोह्त्ला-यार्वेच्या जिन्यांवर, बुटांवरचा बर्फ झाडत,
लॅपटॉप कोटाच्या आत, पोटाशी धरून,
कारण उणे चौदात बॅटरी दम सोडते.

तिसऱ्या मजल्यावरची झिनाइदा म्हणते, नाही. घरीच असते.
तिच्या मागे सासूचं पथ्याचं पातेलं उकळतंय,
जावेचं पोर गुडघ्याला लोंबकळतंय,
आणि खुर्चीवर शेजाऱ्यांच्या सात पँटी
चेन बदलायला आलेल्या.
पँटींचे पैसे घेता?
ती हसते. कोणी देतं. कोणी बटाटे देतं.
बटाट्यांसाठी कोड आहे, शोधला की सापडतो.
पातेल्यासाठी नाही.

पूर्वी या जिन्यात दर दुसऱ्या दारामागे खाण असायची,
पुरुषांच्या नखांत काळी रेघ.
आता ते फिनलंडला भिंती रंगवतात, महिन्यातून एकदा बोटीने येतात,
आणि बायका वृद्धाश्रमात रात्रपाळ्या करतात,
परक्यांच्या आया कुशीवर वळवतात.
माझ्या यादीत हे एवढंच दिसतं:
उद्योग बदलला.

मार्चमध्ये ताल्लिनहून आकडा येतो.
त्याचा पगार, तिचा पगार, मधलं अंतर,
दशांश चिन्हानंतर एक अंक.
रेडिओवर दोन दिवस तो असतो.
तिसऱ्या दिवशी हवामान.

चिठ्ठ्या यंत्र काढतं. यंत्र कुणाचं सगंसोयरं नाही.
यंदा माझ्याच दाराची निघाली.
स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा नसतो, म्हणून तार्वो आला.
दोन वर्षांपूर्वी मीच त्याला घडवलं होतं:
उत्तर ऐकून मान हलवायची नाही,
भुवई तर नाहीच नाही.

चहा घेतला. वय, शिक्षण, हुद्दा सगळं सुरळीत.
महिन्याची मिळकत? कर कापण्याआधीची?
मी सांगितली.
त्याचं बोट पहिल्याच अंकावर थांबलं.
मान हलली नाही. भुवई नाही. चांगला शिकलाय.
फक्त कान लाल होत गेले,
आणि माझ्या घरात काही थंडी नव्हती.

चुकून कमी तर नाही ना सांगितलीत?
हा पडताळणीचा प्रश्न. तोही मीच शिकवलेला.
नाही म्हटलं. बरोबर आहे. लिही.

शाळेत हातचा बोटावर धरायचो आम्ही.
वहीत तो कुठेच नसायचा,
पण विसरला की बाई पूर्ण गणितावर काट मारायच्या.
झिनाइदाचं पातेलं आठवलं उगीच.
आणि या मुलाला तीन आठवडे गल्लोगल्ली फिरवलं होतं, तेही.
त्या कामाचा कोड मी कधी शोधला नाही.

त्याचा आकडा मी विचारला नाही.
यादीत तो प्रश्न नाही.

दार लावलं तरी तो जिन्यात बराच वेळ होता.
उतरण्याचा आवाज येत नव्हता.