सूर्य बुडायच्या आत परत

पत्रकावर मीच छापलं होतं:
इतिहास, डोंगर, द्राक्षबागा. एका दिवसात. चहा-नाश्ता धरून.
नऊ नावं आली. आठांनी पहाटेच पैसे परत मागितले,
कारण कसाऱ्याच्या घाटात रात्री कंटेनर आडवा झाला होता.
उरल्या शेगुलाबाई पेझारकर.
वय चौऱ्याहत्तर, राहणार चरई,
पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत उकडलेली अंडी.
"पैसे नकोत मला. छापलंयस ते दाखव.
ठाण्यात दाखव.
शुक्रवार आहे, सूर्य बुडायच्या आत घरी सोड म्हणजे झालं."

रिक्षा केली.

इतिहास म्हणून तुरुंगाची भिंत दाखवली.
किल्लाच हा, म्हटलं. पोर्तुगीजांनी पाया घातला,
मराठ्यांनी घेतला, इंग्रजांनी कुलूप लावलं.
"आणि आत?"
आत जायला गुन्हा करावा लागतो, बाई.
हा विनोद नेहमी चालतो.
बाई हसल्या नाहीत. भिंतीतून फुटलेल्या पिंपळाकडे बघत म्हणाल्या,
"माझा थोरला दीर होता आत. अठरा महिने.
देशासाठी वगैरे नव्हे हं, पतपेढीच्या अफरातफरीत.
दर पंधरवड्याला मी डबा आणायची.
इथंच टेकून नंबर लागायचा."
आणि त्यांनी दगडावर हात ठेवला,
ओळखीच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.
मला सगळी सनावळी पाठ होती.
गिळली.

येऊरच्या नाक्यावर वनखात्याचा माणूस वही घेऊन आला.
पेझारकर? म्हणजे अलिबागकडचे का?
"त्याच्याही आधीचे. नौगावला गलबत फुटलं आमचं.
सात बाया, सात बाप्ये वाचले,
दोन हजार वर्षं झाली म्हणतात."
वहीत तेवढी जागा नव्हती.
त्यानं 'अलिबाग' लिहिलं.

वर पळस पेटलेले. खाली टॉवरांच्या टाक्या,
त्यापलीकडे खाडी, चमचाभर.
मिठाची पुडी सोडत बाई म्हणाल्या,
"डोंगर बरा आहे. पण रिक्षानं चढलेला डोंगर उसना."
मग उठल्या आणि पाड्याच्या वाटेनं
दम लागेपर्यंत चालल्या.
दम लागल्यावर, सामान मिळाल्यासारख्या, परत आल्या.

आता द्राक्षबाग. माझ्याकडे नव्हती.
मार्केटात तासगावच्या पेट्या दाखवू का, विचारलं.
"चल घरी," म्हणाल्या.

चरईत दुसरा मजला. ओट्यावर पातेलं झाकलेलं.
सकाळी निघताना भिजत घातलेल्या काळ्या मनुका
आता टम्म फुगलेल्या.
त्यांनी त्या हातानं कुस्करल्या, मलमलीतून पिळल्या,
मनगटावरून लालसर ओघळ कोपरापर्यंत गेला.
"कोकणात द्राक्षं कुठली, बाई?
पण प्रार्थनेला द्राक्षाचा रस हवाच.
मग आमच्या लोकांनी हे काढलं.
सुकलेल्या मनुकेला पाणी दिलं ना,
की तिला वेल आठवते."

समोरच्या गच्चीमागे ऊन तांबूस झालं होतं.
त्यांनी दिवे लावले, डोळ्यांवर हात घेतले.
मग चांदीचा पेला उचलून हिब्रूत काही म्हटलं
आणि पेला माझ्याकडे सरकवला: "पी. यात नशा नाही."
गोड होतं. थोडं मातकट.
पावती फाडायची राहिली.
त्यांनीही मागितली नाही.

पुढच्या रविवारी घाट मोकळा होता.
बस भरून गेली, सतरा जण. किल्ला झाला, घाट झाला,
बागेत सगळ्यांनी घड हातात धरून फोटो काढले.
मी तारेखाली वाकले,
गळून सुकलेला एक मणी उचलला, पर्समध्ये टाकला.

अजून तिथंच आहे, सुट्या पैशांत.
भिजत घालायचा धीर होत नाही.