हाताखालून

उलानबातरमध्ये जानेवारीत खिडकी कुणी उघडत नाही.
फटींत नमद्याच्या पट्ट्या कोंबतात, वरून चिकटपट्टी.
बाहेर उणे बत्तीस, आणि कोळशाचा धूर इतका दाट
की समोरच्या इमारतीचे दिवे
ओल्या बोळ्यानं पुसल्यासारखे.

म्हणून आतली हवा आतच.
चौतीस पोरं, दोन मॅट, एक तापलेला पाइप.
श्वासांचं पाणी भिंतीवरून ओघळतं
आणि छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी,
कुणी रांगोळीचे ठिपके काढून
रेघा ओढायला विसरावं, तशी.

सारंगेरेल मंगळवारी येते, आरोग्य खात्याचा डबा घेऊन.
कापसाची काडी फिरवते मॅटच्या शिवणीवरून,
वजनांच्या दांडीवर, पिंपाच्या तोटीवर,
मग खुंटीवरच्या जाकिटांवर:
कुस्तीची आखूड जाकिटं, छाती उघडी, बाह्या तेवढ्या,
नऊ जाकिटं चौतीस पाठींना पुरवायची.
काडीला नळी, नळीला नंबर.
"शेवटची कधी धुतली?"
वस्ताद दावाझव म्हणतो, "घाम आहे तो. घाण नाही."
इतकं सरळ म्हणतो
की ती क्षणभर नंबर विसरते.

तेमूलेन तेरा वर्षांचा. मानेवर चिकटपट्टी.
"खरचटलंय."
पट्टीच्या कडेनं एक लाल कमान डोकावते.
आपण याला गजकर्ण म्हणतो.
इथे हत्ती नाहीत. कान मात्र आहेत,
कातडीवर उगवलेले, सगळं ऐकत असलेले.
शनिवारी जिल्ह्याच्या कुस्त्या.
पट्टी काढली की शनिवार गेला.
ती पट्टी काढत नाही.
वाकून हळूच विचारते, "आणखी कुणाला?"
तो खाली बघतो.
म्हणजे सगळ्यांना.

इथली रीत अशी:
हरलेल्यानं जिंकलेल्याच्या हाताखालून जायचं,
मान झुकवून.
मग जिंकलेला हात पसरतो
आणि गरुडासारखा संथ घिरट्या घालतो.
सरावात पोरं एकमेकांशी हरतात, जिंकतात,
वस्तादाशी सगळीच हरतात.
काख, मान. काख, मान.
आदर असाच पुढे जातो.

तीन आठवड्यांनी ती बशा घेऊन आली,
काचेच्या, झाकणं टेपनं बंद.
एकीत पिवळे थेंब. एकीत हिरवी धूळ.
एकीत पांढरा कापूस, मध्यापासून पिंजत गेलेला.
पोरांनी गराडा घातला.
"मस्त दिसतंय," कुणीतरी म्हणालं.
खरंच दिसत होतं.

तेमूलेन तो शनिवार जिंकून आला होता.
दुसऱ्या शाळेची तीन पोरं
त्याच्या हाताखालून गेली होती.
सारंगेरेलनं हे ऐकलं
आणि हातातली बशी उगाचच फिरवून परत ठेवली.

"हा कापूस कुठला?"
"सात नंबर. निळं जाकीट. मोठ्या मापाचं."
मोठ्या मापाचं जाकीट एकच माणूस घालतो.

दावाझवनं उजवा हात वर केला.
किती मानांवरून फिरलेला तो हात.
काखेच्या कडेला फिकट, जुनं,
कड्यात कडं गुंतलेलं कडं.
"खाजत नव्हतं," तो म्हणाला.
मग थोड्या वेळानं, "फार नाही."

तिनं मलम लिहून दिलं. महिनाभर कुस्ती बंद.
जाकिटं उकळत्या पाण्यात, मॅट रोज ब्लीचनं.
आणि खिडकी, दिवसातून दहा मिनिटं तरी.
"धूर येईल," वस्ताद म्हणाला.
"येईल," ती म्हणाली.
यावर दोघांकडेही पुढचं वाक्य नव्हतं.

पोरं मोज्यांवर भिंतीला टेकून उभी.
तेमूलेन बाकावर चढला, हात लांबवून
खिडकीचा नमदा उपसू लागला, वीतभर, आणखी वीतभर.
दावाझव बादली घेऊन कोपऱ्याकडे निघाला.
वाट अरुंद होती.
तो वाकला, आणि पोराच्या हाताखालून पलीकडे गेला.

कुणी हसलं नाही.
नमद्याचा शेवटचा तुकडा निघाला,
गार हवा आत शिरली, तिच्या मागोमाग कोळशाचा वास,
आणि सगळ्यात धाकटा पोरगा खोकू लागला.