साडेदहा, आमच्या घड्याळात

ईमेलमध्ये लिहिलंय नऊ.
नऊ म्हणजे टोरांटोचे.
आमचं न्यूफाउंडलंड त्यांच्यापुढे दीड तास.
हा वरचा अर्धा कुणी चिकटवला कुणास ठाऊक,
पण तो आमचा आहे, आणि युडोरा
पेन्सिलीने तीनदा मांडून बघते:
साडेदहा. साडेदहा. साडेदहा.
मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात देते.
परीक्षेत घड्याळ चालत नाही.

विम्याचा परवाना. वय एकावन्न.
मासळीचा कारखाना बंद झाला त्याला दोन हिवाळे झाले.
कॉडचे काटे न बघता काढणारे हात
तेव्हापासून टेबलावर नुसते पडून असायचे,
दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

संगणक भाचीचा, एका बिजागरीने लुळा.
पहिल्या चाचणीत त्याला कॅमेरा सापडेना,
दुसऱ्या चाचणीत माईक.
तिसऱ्या वेळी त्याच्या मनाने घेतलं
की आत्ताच्या आत्ता अपडेट व्हायचं,
आणि चाळीस टक्क्यांवर जाऊन बसला,
वारा पडल्यावर शिडाची होडी बसते तसा.
आम्ही दोघं चहा घेत त्याच्याकडे बघत राहिलो.
वारा पडल्यावर दुसरं काय करतात?

टिझर्डच्या कोरीने लांबलचक केबल आणून दिली.
स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, झोपायच्या खोलीच्या दाराखालून
मी ती खिळ्याखिळ्याला बांधत नेली,
जाळ्याच्या दोरीला मारतात त्या गाठीने.
तेवढी एकच गाठ मला धड येते.

ओळखपत्रावर युडोरा मे पाइक,
नोंदणीत नुसतीच डोरा.
दोन तास फोनला कान लावून
तिने सिद्ध केलं की दोघी एकच.
तिला डोरा म्हणतो तो मीच.
मी गप्प होतो.

वाचताना तिचे ओठ हलतात, लहानपणापासून.
नियमात लिहिलंय, पुटपुटायचं नाही.
म्हणून पंधरा दिवस ती शिवणाच्या टाचण्या
ओठांत धरून वाचत होती.
आग, चोरी, वादळ, छपरावरचा बर्फ:
टाचण्या जागच्या हलल्या नाहीत.
समुद्रात हरवलेल्या माणसाला
कायदा मेलेला कधी धरतो,
त्या पानावर एक खाली पडली.
विल्फ तिचा धाकटा भाऊ.
मी वाकून टाचणी शोधली. सापडायला वेळ लागला.

आज सकाळी टेबल रिकामं, आरशावर चादर.
मी दाराबाहेर, कुत्र्याचं तोंड हातात धरून.
आतून एका पोरीचा आवाज, दुरून आलेला:
टेबलाखालचं दाखवा. बाही वर करा.
भिंतीवर ते आकडे कसले?
भरती-ओहोटीचं वेळापत्रक, युडोरा म्हणाली.
काढावं लागेल, मॅडम.
दार वीतभर उघडलं, नुसता हात बाहेर आला,
वेळापत्रक माझ्याकडे देऊन परत गेला.
मग तो आवाज जरा हळू:
तुमच्याकडेही साडे का? आमच्याकडे साडेसात. रात्र झाली.
पुढचं मला ऐकू आलं नाही.
माणसाने घरात थांबायचं नव्हतं.

शेडमध्ये दोन स्वेटर, एक कुत्रा, कोटाच्या खिशात तिचं घड्याळ.
वेळापत्रक मी वल्ह्याच्या खुंटीला लटकवलं.
भरती बारा चाळीसला.
अकराला गस टिझर्डने स्नोमोबिल चालू केली
आणि मी बर्फातून धावलो,
तोंडातून चकार शब्द न काढता, दोन्ही हात हलवत,
बुडणारा माणूस हलवतो तसे.
त्याने इंजिन बंद केलं. कारण विचारलं नाही.
गावात सगळ्यांना साडेदहा माहीत होते.

बारा दहाला दार उघडलं.
ती अंगणात आली, कोट न घालता.
पास का, मी विचारलं नाही.
तिने हात पुढे केला, मी घड्याळ दिलं.
ती धक्क्यापलीकडे बघत
मनगटावर पट्टा आवळत होती
आणि तिचे ओठ हलत होते,
हलत होते.